हवामान वाटाघाटींमधला न लिहिलेला नकाराधिकार

दुबईत डिसेंबर २०२३ मध्ये हवामान परिषदेचा अंतिम ठराव मंजूर झाला, तेव्हा ज्या देशांसाठी तो जगण्यामरण्याचा प्रश्न होता तेच देश सभागृहात नव्हते. लहान बेटांच्या देशांचे प्रतिनिधी बाहेर आपली भूमिका ठरवत होते. ते आत पोहोचण्याआधीच अध्यक्ष सुलतान अल जाबेर यांनी हातोडा आपटला. नंतर गटाच्या वतीनं सामोआच्या ॲन रासमुसेन बोलल्या. आम्ही खोलीत नसताना तुम्ही निर्णय घेऊन टाकलेला दिसतोय, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. त्यांचं भाषण संपलं तेव्हा सभागृह उठून उभं राहिलं, बराच वेळ टाळ्या वाजल्या. ठरावातला एक शब्दही बदलला नाही.

या परिषदांना वर्षानुवर्षं जाणारे कार्यकर्ते का वैतागतात, ते या एका प्रसंगातून कळतं. त्यांचं कुणी ऐकत नाही, अशातला भाग नाही. लोक ऐकतात, टाळ्या देतात, डोळेही पुसतात. कोपनहेगनला २००९ मध्ये तुवालू या इवल्या बेटदेशाची बाजू मांडताना इयन फ्राय यांना रडू आवरलं नाही. दोह्यात २०१२ मध्ये फिलिपिन्सच्या येब सान्यो यांचा गळा दाटून आला, आणि २०२१ मध्ये ग्लासगोत तर खुद्द अध्यक्ष आलोक शर्मांनाच बोलता येईना. अश्रूंवर या परिषदांनी कधी बंदी घातलेली नाही. बंदी असते ती इतर गोष्टींवर.

परिषदेच्या आवारात निदर्शनं करायची तर आधी सचिवालयाची परवानगी लागते. जागा, वेळ, फलकावरचा मजकूर, सगळं ठरवून घ्यावं लागतं, आणि फलकावर कुठल्याही देशाचं किंवा नेत्याचं नाव घेऊन बोट दाखवता येत नाही. म्हणजे प्रदूषणाचा निषेध करा, प्रदूषण करणाऱ्याचा नको. स्वयंसेवी संस्था, आदिवासी समूह, कामगार संघटना, युवक, महिला, शेतकरी, संशोधक, स्थानिक शासनं आणि उद्योग असे निरीक्षकांचे नऊ गट आहेत. मोठ्या बैठकीत त्यांना बोलायला दोनेक मिनिटं मिळतात, तीही बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी, प्रतिनिधींच्या खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्यावर. मसुद्यातल्या चौकटी कंसांवरची, म्हणजे अजून न ठरलेल्या मजकुरावरची खरी झटापट ज्या खोल्यांत होते, तिथे ऐन वेळी निरीक्षकांना दार बंद होतं. कोपनहेगनला १५ हजारांच्या जागेत त्याच्या जवळजवळ तिप्पट लोकांची नोंदणी केली गेली, आणि शेवटच्या दिवसांत स्वयंसेवी संस्थांच्या हजारो लोकांना बाहेर थंडीत ठेवून काही शे जणांनाच आत घेतलं. माद्रिदला २०१९ मध्ये आत निदर्शनं करणाऱ्या सुमारे दोनशे जणांना सुरक्षारक्षकांनी बाहेर काढलं. वॉर्सात २०१३ मध्ये याच्या उलट झालं. यजमान पोलंडमध्ये त्याच आठवड्यात कोळसा उद्योगाची स्वतंत्र परिषद भरली होती. ते पाहून ग्रीनपीस, ऑक्सफॅम, डब्ल्यूडब्ल्यूएफ यांच्यासह शेकडो कार्यकर्ते आपणहून उठून चालते झाले. पुढच्या वर्षी सगळे परत आले, हेही खरं.

ही सगळी गाऱ्हाणी रास्त आहेत. माझा मतभेद त्यांच्या निदानाशी आहे. प्रत्येक परिषद फसली की पत्रकं निघतात आणि त्यांत एक शब्द हमखास असतो: इच्छाशक्ती. नेत्यांकडे राजकीय इच्छाशक्ती नाही, म्हणून काही घडत नाही. हे पूर्ण खोटं नाही, पण यातून कळतं फार थोडं. ब्राझीलमधल्या बेलेममध्ये २०२५ च्या नोव्हेंबरात ८० हून अधिक देशांनी जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचा आराखडा मागितला. परिषदेतल्या देशांपैकी चाळीसेक टक्के. तरी मुख्य ठरावात ‘जीवाश्म इंधन’ हे शब्दसुद्धा आले नाहीत. इतक्या देशांची इच्छा एका बाजूला आणि शून्य दुसऱ्या बाजूला, असा निकाल लागत असेल तर दोष इच्छेत शोधून भागणार नाही. मोजणी कशी होते तेही पाहावं लागेल.

मोजणी होतच नाही.

संयुक्त राष्ट्रांचा हवामान बदलाबाबतचा मूळ करार १९९२ चा. त्याच्या सातव्या कलमात स्पष्ट लिहिलंय, की सदस्य देशांच्या परिषदेनं पहिल्याच अधिवेशनात आपली कार्यपद्धती मंजूर करावी, आणि तिच्यात निर्णय कसे घ्यायचे तेही यावं. पहिलं अधिवेशन १९९५ मध्ये बर्लिनला भरलं. नियमावलीचा मसुदा तयार होता. त्यातल्या ४२ क्रमांकाच्या नियमावर गाडी अडली. एकमताचे सगळे प्रयत्न संपले तर मतदान घ्यायचं का, आणि घेतलं तर किती बहुमत लागेल, हे त्या नियमानं ठरायचं होतं. सौदी अरेबिया आणि इतर तेल उत्पादक देशांना मतदान नको होतं. श्रीमंत देशांना निदान पैशाच्या निर्णयांवर तरी एकमत हवं होतं. नियम मंजूर झालाच नाही. तेव्हापासून प्रत्येक परिषदेच्या सुरुवातीला अध्यक्ष जाहीर करतात, की नियमावलीचा मसुदा तात्पुरता लागू राहील, नियम ४२ वगळून. तात्पुरत्याची तीस वर्षं झाली. करार झाला त्या वर्षी हवेतल्या कर्ब वायूचं प्रमाण दर दशलक्ष भागांत ३५६ च्या आसपास होतं. आता ते ४२० च्या वर आहे.

मतदानाचा नियम नाही, म्हणून सहमती. आणि सहमती म्हणजे सगळ्यांचा होकार नव्हे, कुणीही औपचारिक हरकत न घेणं. इथवर ठीक. पण हरकत घेतली तर ती मोजायची की नाही, हे कुणी ठरवायचं? हातोडा ज्याच्या हातात आहे त्यानं. या वाटाघाटींचा इतिहास मला या अंगानं वाचण्यासारखा वाटतो. कानकूनला २०१० मध्ये बोलिव्हियानं शेवटपर्यंत उघड विरोध केला. अध्यक्ष पॅट्रिशिया एस्पिनोसा यांनी एका देशाला नकाराधिकार नसतो असं सांगून ठराव मंजूर केला आणि सभागृहानं त्यांना डोक्यावर घेतलं. दोह्यात रशिया, बेलारूस आणि युक्रेन यांची हरकत बाजूला सारून क्योटो कराराची दुरुस्ती मंजूर झाली. बाकूत २०२४ मध्ये विकसनशील देशांसाठी वर्षाला ३०० अब्ज डॉलर्स उभे करण्याचा ठराव भारताला बोलू देण्याआधीच मंजूर म्हणून जाहीर झाला. भारताच्या चांदनी रैना यांनी नंतर या ठरावाला दृष्टिभ्रम म्हटलं. त्यांनाही टाळ्या मिळाल्या.

पॅरिसमध्ये २०१५ साली तर एकाच संध्याकाळी दोन्ही तऱ्हा दिसल्या. करार मंजुरीला येणार, इतक्यात अमेरिकेच्या लक्षात आलं, की विकसित देशांच्या उत्सर्जनकपातीबद्दलच्या एका वाक्यात अपेक्षा दाखवणाऱ्या क्रियापदाच्या जागी बंधनकारक क्रियापद पडलंय. बंधन आलं तर करार सिनेटपुढे न्यावा लागला असता आणि तिथे तो पडला असता. सगळ्यांना थांबवून ठेवण्यात आलं, आणि शेवटी टंकलेखनाची चूक सुधारावी तसा तो शब्द सचिवालयाच्या एका अधिकाऱ्यानं व्यासपीठावरून वाचून बदलला. निकाराग्वाचीही हरकत होती. त्यांना बोलायला मिळालं ते हातोडा पडल्यानंतर. एकाची हरकत दुरुस्ती ठरली आणि दुसऱ्याची नुसती नोंद.

बोलिव्हिया, निकाराग्वा, सामोआ, एकदा भारत, एकदा रशियासुद्धा. यांच्या हरकतींवरून हातोडा पुढे गेलेला आहे. सौदी अरेबियाच्या उघड हरकतीवरून तो गेल्याचं एक मोठं उदाहरण मला कुणी दाखवावं. एक गोपनीय व्यवस्था असती तर तिला कटकारस्थान म्हटलं असतं. हे सगळं कॅमेऱ्यांसमोर घडतं, म्हणून आपण त्याला मुत्सद्देगिरी म्हणतो. काटोवीत्सला २०१८ मध्ये दीड अंश तापमानवाढीवरच्या वैज्ञानिक अहवालाचं ‘स्वागत’ करायचं की त्याची नुसती ‘नोंद’ घ्यायची, यावर अमेरिका, सौदी अरेबिया, रशिया आणि कुवेत या चार देशांनी बैठक अडवून धरली. अहवाल खुद्द परिषदेनंच मागवलेला होता.

म्हणून सहमतीमुळे दुबळ्यांना संरक्षण मिळतं हा युक्तिवाद मला पटत नाही. पुस्तकात तो छान दिसतो: तुवालू आणि अमेरिका, दोघांचं वजन सारखं. प्रत्यक्षात लिखित नियम नसला की वजन ज्याचं त्याचंच राहतं. मतदानात निदान तुवालूचं एक मत मोजावं तरी लागेल.

याच पोकळीत तेल आणि कोळशाच्या कंपन्यांचे प्रतिनिधी आरामात वावरतात. मोहिमा चालवणाऱ्या संघटनांनी नोंदणीच्या याद्या चाळून केलेल्या मोजणीनुसार ग्लासगोत असे ५०३ जण होते, शर्म अल शेखला ६३६, दुबईत २,४५६, बाकूत १,७७३ आणि बेलेममध्ये १,६०२. आकड्यांवर वाद घालता येतो. ऊर्जा कंपनीचा प्रत्येक माणूस तोडफोड करायलाच येतो असं नाही. पण आणखी एका करारात हा प्रश्न कसा हाताळला ते पाहा. जागतिक आरोग्य संघटनेचा २००३ चा तंबाखू नियंत्रण करार आहे. त्याच्या पाचव्या कलमात सरकारांना स्पष्ट बजावलंय, की आरोग्य धोरणांत तंबाखू उद्योगाचे हितसंबंध घुसू देऊ नका. हवामान करारात अशी एक ओळ नाही. ती आणायची तर सहमती लागेल, आणि सहमती कोण देणार नाही हे सांगायला नको. दुबईचं अध्यक्षपद तर सरकारी तेल कंपनीच्या प्रमुखाकडेच होतं. त्याच परिषदेच्या ऐन मध्यावर ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेच्या सरचिटणीसांनी सदस्य देशांना पत्र पाठवून जीवाश्म इंधनांना लक्ष्य करणारा कुठलाही मजकूर नाकारायला सांगितलं. पत्र फुटलं, बोभाटा झाला. तरी ‘जीवाश्म इंधनांपासून दूर जाणं’ ही शब्दयोजना ठरावात आली, हे मान्य करायला हवं. परिषदा सुरू झाल्यापासून अठ्ठावीस अधिवेशनं लागली त्याला.

मतदानावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की उत्सर्जन करणारे मोठे देश विरोधात असताना दीडशे देशांनी हात वर करून काय साधणार? हवेला ठरावाचं काय पडलंय? आक्षेप खरा आहे. बाकूत विकसनशील देश वर्षाला १.३ लाख कोटी डॉलर्स मागत होते. मतदान झालं असतं तर ते जिंकलेही असते, पण बहुमतानं कुणाच्या खिशातून पैसे निघत नाहीत. नुकसानभरपाईच्या निधीची गोष्ट तेच सांगते. १९९१ मध्ये वानुआटूनं बेटांच्या वतीनं ही कल्पना मांडली, २०२२ मध्ये शर्म अल शेखला निधी मान्य झाला आणि दुबईत त्यात सुमारे ७० कोटी डॉलर्सची आश्वासनं जमली. एका मोठ्या चक्रीवादळाचा खर्चही त्यातून भागणार नाही.

पण मतदानाचा उपयोग मतदान होण्यात नसतोच मुळी. ते होऊ शकतं, याच्या धाकात असतो. ओझोनच्या थरासाठी १९८७ मध्ये झालेल्या माँट्रियल करारात, आधीच ठरलेल्या रसायनांवरची बंधनं कडक करायची तर दोन तृतीयांश बहुमतानं ती करता येतात. विकसित आणि विकसनशील अशा दोन्ही गटांत वेगवेगळं बहुमत मिळावं लागतं, एवढीच अट. म्हणजे कुठलाही एक गट दुसऱ्याला रेटून नेऊ शकत नाही, आणि कुणी एकटा सगळ्यांना वेठीला धरू शकत नाही. तिथेही निर्णय बहुतेक एकमतानंच होतात. पण अडवणारा मनात हिशेब करतो: ताणलं तर हरेन, त्यापेक्षा थोडं पदरात पाडून घ्यावं. हवामान परिषदेत त्याला हा हिशेब करावाच लागत नाही. तिथे नुसतं गप्प बसून घड्याळाकडे पाहत राहिलं तरी जिंकता येतं. माद्रिदची परिषद ठरल्या वेळेच्या पुढे जवळजवळ दोन दिवस रेंगाळली, तोवर गरीब देशांचे कित्येक प्रतिनिधी परतीच्या विमानात बसले होते. त्यांच्याकडे तिकीट बदलायला पैसे नसतात.

मग कार्यकर्ते नियम ४२ साठी मोर्चे का काढत नाहीत? एक कारण उघड आहे: कार्यपद्धतीवर घोषणा सुचत नाही. पापुआ न्यू गिनी आणि मेक्सिको यांनी २०११ मध्ये मूळ करारात दुरुस्ती सुचवली. एकमताचे प्रयत्न संपले तर तीन चतुर्थांश बहुमतानं निर्णय घ्यावा, अशी. गंमत म्हणजे मूळ करारच सांगतो, की करारातली दुरुस्ती शेवटचा उपाय म्हणून तीन चतुर्थांश मतांनी मंजूर करता येते. दार पूर्ण बंद नाही. ती दुरुस्ती त्यानंतर वर्षानुवर्षं विषयपत्रिकेवर येत राहिली आणि पुढे ढकलली जात राहिली. तिच्यासाठी कुणी उपोषण केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. उलट २०१३ च्या जूनमध्ये बॉनला रशिया, बेलारूस आणि युक्रेन यांनी निर्णयप्रक्रियेवर चर्चा मागून एका समितीचे दोन आठवडे वाया घालवले, तेव्हा सगळे त्यांच्यावर तुटून पडले. दोह्यातल्या अपमानाचा त्यांना वचपा काढायचा होता हे उघड आहे. हेतू वाकडा होता, पण प्रश्न सरळ होता.

दुसरं कारण कार्यकर्त्यांच्या सवयीत आहे, आणि ते सांगताना मला फारसा आनंद होत नाही. कोपनहेगन ही शेवटची संधी होती. पॅरिस शेवटची संधी होती. ग्लासगोही. दर वेळी शेवटची संधी म्हणायचं, ती हुकली की संतापायचं आणि पुढच्या शेवटच्या संधीची तिकिटं काढायची, यातून बाहेरच्या माणसाला एवढंच कळतं, की हे लोक दर वर्षी हरतात. प्रत्यक्षात ते दर वर्षी हरलेले नाहीत. पॅरिस करारात दीड अंशाची मर्यादा आली ती बेटांच्या आणि त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या संघटनांच्या रेट्यामुळे. नुकसानभरपाईचा निधी त्यांच्या तीस वर्षांच्या चिकाटीशिवाय झालाच नसता. रोज एका देशाला ‘दिवसाचा जीवाश्म’ हा उपहासाचा पुरस्कार देण्याची प्रथा त्यांनी १९९९ पासून चालवली आहे, आणि तो मिळू नये म्हणून शिष्टमंडळं धडपडतात. पण हे यश जिथे मिळालं तिथे मागणी नेमकी होती, तिची नोंद वर्षानुवर्षं ठेवली गेली होती आणि ती उचलून धरणारे देश आधीपासून बांधलेले होते. ‘शेवटच्या संधी’च्या गजरातून यातलं काही मिळालं नाही.

नियमाच्या बाहेर पडून काम करता येतं, याचा अलीकडचा नमुना वानुआटूतल्या विद्यार्थ्यांचा. दक्षिण पॅसिफिक विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये ठरवलं, की हवामानाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. हवामान परिषदेत ही मागणी एका देशानं नकारार्थी मान हलवली असती तरी संपली असती. त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेचा रस्ता धरला, जिथे मतदान होऊ शकतं. वानुआटू सरकारनं पुढाकार घेतला, सहप्रायोजक देशांची संख्या शंभराच्या पुढे गेली, आणि मार्च २०२३ मध्ये ठराव मतदानाविना मंजूर झाला. हरणार हे दिसत असताना कुणी मत मागायला उभं राहिलं नाही. जुलै २०२५ मध्ये न्यायालयानं आपलं मत दिलं: हवामानाचं रक्षण ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे आणि तिचा भंग केला तर परिणाम भोगावे लागू शकतात. मत सल्लागार स्वरूपाचं आहे, कुणाला तुरुंगात टाकणारं नाही. तरी विद्यार्थ्यांच्या एका गटानं सहा वर्षांत मिळवलेली ही गोष्ट तोवरच्या एकोणतीस परिषदांना लिहिता आली नव्हती. बेलेममध्येच कोलंबिया आणि नेदरलँड्सनी इच्छुक देशांची वेगळी परिषद कोलंबियातल्या सांता मार्ताला भरवण्याची घोषणा केली, तीही याच वाटेनं जाणारी. भूसुरुंगबंदीचा १९९७ चा करार असाच सहमतीच्या सभागृहाबाहेर जन्मला. अमेरिका, रशिया, चीन आणि भारत आजही त्यात नाहीत, पण भूसुरुंग वापरणं लाजिरवाणं ठरलं ते त्याच करारानं.

म्हणून परिषदाच सोडून द्या, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. बड्या राष्ट्रांच्या बैठकांत तुवालूला खुर्ची नाही. इथे त्याच्या नावाची पाटी कुठल्याही बड्या देशाच्या पाटीएवढ्याच मापाची असते. भारतानं मात्र आपला हिशेब पुन्हा मांडायला हवा. ग्लासगोत कोळशाचा वापर ‘बंद करणं’ ऐवजी ‘कमी करणं’ असा बदल शेवटच्या घटकेला करून घेताना भारताला सहमतीचा फायदा झाला. बाकूत त्याच सहमतीच्या नावाखाली भारताचा आवाज गिळला गेला. विकसनशील देशांच्या गटात १३० हून अधिक सदस्य आहेत. माँट्रियलसारखी दुहेरी बहुमताची अट घालून मतदान आलं, तर या गटानं घाबरावं असं त्यात फारसं काही दिसत नाही.

नियम ४२ उद्या मंजूर होणार नाही. पण सगळंच सहमतीवर अडलेलं नाही. नोंदणी करणाऱ्यानं आपण कुणाच्या वतीनं आलो ते सांगावं, ही अट २०२३ मध्ये सचिवालयानं आणली, आणि त्यामुळे दुबईत कंपन्यांचे प्रतिनिधी मोजणं सोपं झालं. कंपन्यांची बरीच माणसं निरीक्षक म्हणून येतच नाहीत. ती देशांच्या शिष्टमंडळांचे बॅज गळ्यात घालून येतात, आणि ते बॅज देतं सरकार. कुणाला दिले, का दिले, वाटाघाटींच्या खोलीत त्यातलं कोण बसलं, हे विचारायला आंतरराष्ट्रीय करार लागत नाही. शिष्टमंडळांच्या नावांच्या याद्या परिषद सुरू झाल्यावर प्रसिद्ध होतात. आपल्या संसदेत, आपल्या वर्तमानपत्रांत, माहितीच्या अधिकारात हा प्रश्न परिषदेच्या आधी विचारता येतो. तो विचारायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि नाव घेण्यावरही तिथे बंदी नाही.